बेचाळीस अंशांत देवगिरी: घरी केलेल्या एका व्हेगन केकचं प्रकरण

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारं हे पाच माणसांचं घर. आजी माळकरी, त्यामुळे स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. धाकट्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. दोन वर्षांची असताना पेढ्याचा एक तुकडा पोटात गेला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून डॉक्टरांनी दूध आणि दुधाचं सगळं पूर्ण बंद सांगितलं आहे. अंडं नाही, दूध नाही, मग जो केक उरतो तो आपोआप व्हेगन. हा शब्द घरात कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे सामान आणताना तो पाकिटांवर शोधावा लागला.

मुलीचा वाढदिवस मे महिन्यात. आजवर कलिंगड उभं ठेवून त्यावर मेणबत्त्या लावल्या जात. या वर्षी तिला आठवं वर्ष पूर्ण होत होतं आणि शाळेच्या सहलीत ती दौलताबादला, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर, जाऊन आली होती. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी पोर, तिला देवगिरी सोडवेना. तिने सांगितलं ते असं: किल्ल्याचा केक पाहिजे, खाली खंदकात पाणी पाहिजे आणि ते हिरवट पाहिजे, चांद मिनार पाहिजे, मेंढा तोफ पाहिजे, आणि अंधारी, म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा बोगदा, तर पाहिजेच.

पाहुणे लहानमोठे मिळून ४५. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता केक कापायचा. हाताशी २८ लिटरचा ओटीजी (विजेची छोटी भट्टी), एका दाराचा फ्रिज आणि दहा दिवसांची मुदत.

अडचण

बिनदुधाचा, बिनअंड्याचा चॉकलेट केक करणं अवघड नाही. मैदा, कोको, साखर, तेल, पाणी, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एवढ्यावर तो फुगतो. इथे अडचणी वेगळ्या होत्या.

पहिली उन्हाची. त्या आठवड्यात दुपारचा पारा ४२ अंशांवर होता आणि संध्याकाळी ७ वाजतासुद्धा बैठकीत ३५-३६ अंश असत. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि खोबरेल २४-२५ अंशांनाच. बर्फाळ देशांत लिहिलेल्या पाककृतींत व्हेगन क्रीम म्हणून जे काही सांगितलेलं असतं, त्यातलं बरंचसं या बैठकीत पातळ होऊन ताटात उतरलं असतं.

दुसरी आकाराची. दौलताबादचा डोंगर शंकूसारखा आहे, पण त्याचा पायथा कातून उभा सरळ केलेला आहे आणि त्याला लागून खंदक आहे. बघणाऱ्याला देवगिरी ओळखू येतो तो त्या उभ्या कड्यामुळेच. म्हणजे केक कोरावा लागणार. मऊ, भुसभुशीत केक कोरताना फाटतो.

तिसरी विजेची. गावात लाईट दिवसातून दोनतीनदा जाते आणि घरचा इन्व्हर्टर ओटीजी ओढू शकत नाही.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. ज्या स्वयंपाकघरात रोज ताक घुसळतात आणि पोळीला तूप लावतात, त्याच ओट्यावर हा केक व्हायचा होता.

कोणकोणते पर्याय समोर होते

गावातल्या बेकरीत ‘एगलेस’ केक मिळतो. तो पर्याय पहिल्याच फोनवर संपला. एगलेस केकमध्ये अंड्याची जागा बहुधा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घेतं. छत्रपती संभाजीनगरहून व्हेगन केक मागवता आला असता, पण ४२ अंशांत दोन तासांच्या प्रवासात कोरीव केक टिकवणं आणि तिथल्या भट्टीत दुधाचे केक शेजारी भाजत नाहीत याची खात्री करणं, दोन्ही अवघड. म्हणून घरीच.

घरात पहिला मोठा वाद तुपावरून झाला. आजीचं म्हणणं होतं, “तुपात कुठं दूध ऱ्हातंय? चमचाभर तुपानं काय व्हतंय?” सुनेने शांतपणे सांगितलं, “आत्याबाई, कढवलं तरी दुधाचा अंश राहतो. पोरीला तेवढाबी चालत नाही.” यात सून बरोबर होती. तूप कढवताना दुधातली प्रथिनं बेरीच्या रूपाने खाली बसतात आणि बरीचशी गाळली जातात, पण सगळी जात नाहीत. शेजारणीने शेळीचं दूध सुचवलं. तेही चालत नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना बाकीच्यांचाही त्रास होतो. दूध पचत नाही आणि दुधाची ॲलर्जी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोट बिघडतं. दुसरीत शरीराची प्रतिकारशक्तीच त्या प्रथिनावर उठते आणि मात्रा थोडी आहे म्हणून धोका टळत नाही. घरातल्या प्रत्येकाला हा फरक कळेपर्यंत पुढचं काही करू नये, हा इथला पहिला योग्य निर्णय.

दुसरा निर्णय आवरणाचा, आणि प्रकरण खरं तर इथेच हातातून जाणार होतं. बेकरी चालवणाऱ्या एका नातेवाइकाने व्हिपिंग क्रीमचा डबा पाठवला. डब्यावर ठळक ‘नॉन-डेअरी’ आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. काकूंनी तो फ्रीझरमध्ये ठेवूनही दिला. मुलीच्या आईने चार दिवसांनी एका रात्री मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांच्या ओळीत पाम तेल, साखर आणि पुढे ‘सोडियम केसिनेट’. केसिन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. दुधाची स्निग्धता नाही म्हणून ‘नॉन-डेअरी’, पण दुधाचं प्रथिन मात्र आत. ज्या गोष्टीची ॲलर्जी, नेमकी तीच. अनेक व्हिप टॉपिंगमध्ये केसिनेट असतं, कारण त्याने फेस टिकतो.

हिरव्या ठिपक्याचंही असंच. तो शाकाहारी असल्याचं सांगतो आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच आहे. व्हेगनसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह ठरवून दिलं आहे, हिरव्या चौकटीतला इंग्रजी व्ही आणि वर पान. तेही एकटं पुरत नाही. चिन्ह पाहायचं, घटकांत दूध भुकटी, व्हे, केसिन, केसिनेट, लोणी हे शब्द शोधायचे आणि शेवटी ॲलर्जीची सूचना वाचायची. “दुधाचे अंश असू शकतात” असं लिहिलेलं असेल तर ते पाकीट या घरासाठी बाद. या तीन टप्प्यांत गावातल्या दुकानातल्या डार्क चॉकलेटच्या तिन्ही लाद्या गळाल्या.

डबा परत गेल्यावर आवरणाला तीन वाटा उरल्या. वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटून केलेलं क्रीम उन्हात बऱ्यापैकी उभं राहतं, कारण वनस्पतीचा वितळणबिंदू ४१ अंशांपर्यंत असू शकतो, पण ते जिभेवर मेणासारखं चिकटतं. नारळाच्या घट्ट दुधाचं फेटलेलं क्रीम चवीला सुरेख, पण या बैठकीत दहा मिनिटांत वाहिलं असतं. राहिलं गनाश, म्हणजे गरम नारळदुधात विरघळवलेलं डार्क चॉकलेट. गनाश ३६ अंशांना मऊ होतं हे खरं, पण एरवी दोन भाग चॉकलेटला एक भाग नारळदूध घेतात तिथे तीनास एक घेतलं आणि केक गार करून ऐनवेळी बाहेर काढला, तर अर्धा-पाऊण तास सहज निभतो. शिवाय त्याचा रंग आणि पोत कातळासारखा. निवड बरोबर झाली.

पातळ घटकासाठी शेंगदाण्याचं दूध, नारळाचं दूध आणि सोयाबीनचं दूध असे तीन विचार होते. आईने बोलावलेल्या सगळ्या मुलांच्या पालकांना निरोप पाठवून विचारलं की कुणाला कशाची ॲलर्जी आहे का. केकमध्ये सोयाबीन आणि काजू असणार हेही निरोपात लिहिलं. एका मुलाला शेंगदाणा चालत नाही असं उत्तर आलं. शेंगदाण्याचं दूध आणि घरातलं शेंगदाणा तेल दोन्ही बाजूला झालं. सोयाबीन घरच्या शेतातलंच होतं. मराठवाड्यातल्या घरात सोयाबीनचं पोतं असतं आणि त्याचं दूध बहुधा कुणी काढत नाही, हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं. त्यात प्रथिनं भरपूर असतात, व्हिनेगर टाकलं की ते ताकासारखं फाटतं आणि केकला धरून ठेवतं.

ज्वारीच्या पिठाचाही विषय निघाला. खायला तो केक चांगला होतो, पण ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लुटेन नाही, त्यामुळे सुरी लावली की कडा ढासळतात. कोरायचा केक मैद्याचाच.

तयारी आणि भांडी

मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात लोणी-ताकाचा अंश अडकून राहतो. भांडं गरम पाण्याने दोनदा धुतलं आणि झाकणाचं रबर नवं बसवलं. लाकडी पोळपाट-लाटणं वापरलं नाही, लाकूड तूप पितं. लाटायला स्टीलचं ताट उलटं घातलं आणि काचेची बाटली घेतली. केकचं काम चालू असताना ओट्यावर दूध तापवायचं नाही, हा नियम आजीने स्वतः सांभाळला.

डार्क चॉकलेट संभाजीनगरहून आणावं लागलं. ते एसटीने आलं, स्टीलच्या डब्यात, शेजारी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून. तसं केलं नसतं तर पोचेपर्यंत त्याचा गोळा झाला असता.

सोयादुधासाठी १५० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवलं, चोळून सालं काढली आणि उकळतं पाणी घालून वाटलं. गार पाण्यात वाटलं तर दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि तो कच्चट वास येतो. उकळतं पाणी त्याला तिथेच थांबवतं. एकूण साधारण सव्वा लिटर पाण्यात वाटण गाळून घेतलं आणि १५-२० मिनिटं ढवळत उकळलं. उकळणं टाळायचं नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात. हाती सुमारे एक लिटर दूध आलं.

भाजणी

एका घाण्याचं प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, खाण्याचा सोडा १ सपाट चहाचा चमचा, मीठ पाव चमचा, सोयादूध २२० मिली, व्हिनेगर १५ मिली, सूर्यफूल तेल ७५ मिली, व्हॅनिला अर्धा चमचा. कोरडं सगळं दोनदा चाळायचं. दुधात व्हिनेगर घालून पाच मिनिटं थांबायचं, मग तेल फेटायचं. ओलं कोरड्यात घालून फक्त पिठाच्या गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं. ८ इंची भांडं, तळाला बटर पेपर, आधी तापवलेल्या ओटीजीत १७० अंशांवर ३५ ते ३८ मिनिटं. लोण्याच्या केकपेक्षा याचा एक मोठा फायदा आहे: तेल फ्रिजमध्ये गोठत नाही, त्यामुळे केक गार असतानाही मऊ राहतो.

असे चार घाणे करायचे होते आणि ओटीजीत एका वेळी एकच भांडं मावतं. गुरुवारी रात्री आईने वेळ वाचवायला दोन घाणे एकदमच कालवले. पहिलं भांडं आत गेलं, दुसरं ओट्यावर थांबलं. इथे चूक झाली. सोडा आणि व्हिनेगर ओले होताक्षणी वायू सुटायला लागतो आणि पिठात अंडं नसल्यामुळे तो धरून ठेवणारं दुसरं फारसं काही नसतं. चाळीस मिनिटं थांबलेलं पीठ आत गेलं तेव्हा वरचे बुडबुडे फुटून गेलेले होते. त्यात १८व्या मिनिटाला लाईट गेली. वीस मिनिटांनी आली तोवर मधला भाग बसला होता. दार उघडलं तर केक कडेला उंच आणि मध्ये वाटीसारखा खोल, कापून पाहिला तर मध्ये रबरासारखा ओला पट्टा.

तो टाकून दिला नाही, हे चांगलं केलं. कडेचा शिजलेला भाग कुस्करून डब्यात भरला, ओला पट्टा तेवढा काढून टाकला.

उरलेले दोन घाणे शुक्रवारी पहाटे साडेचारला घेतले. त्या वेळी लाईट टिकते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण आदल्या रात्री ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. प्रत्येक घाणा ओटीजी रिकामा झाल्यावरच कालवला. तीन चांगले थर मिळाले, प्रत्येकी साडेतीन सेंमी उंच. गार झाल्यावर ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिवसभर फ्रिजमध्ये ठेवले. ताजा केक कोरता येत नाही, त्याचा चुरा होतो. आठ तास गार झालेला केक सुरीखाली कलिंगडाच्या सालीसारखा स्वच्छ कापला जातो.

डोंगर उभा करताना

पाट ३२ सेंमी चौरस घेतला, तोही फ्रिजच्या आतली रुंदी मोजून. मधला कप्पा काढून उंचीला जागा केली. हे मोजमाप केकला हात लावण्याआधी झालं म्हणून शेवटच्या रात्री धावपळ झाली नाही.

थरांमध्ये केसर आंब्याचा घट्ट रस भरला: ४०० ग्रॅम रस, ८० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, पळीवरून ओघळणार नाही इतका आटवलेला. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे आणि मे महिन्यात तो दारात येतो. चॉकलेटच्या कडवटपणावर त्याच्यासारखं दुसरं फळ नाही. रस कडेने बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक थराच्या काठाला आधी गनाशचा बोटभर बांध घातला. मधोमध बांबूची एक काडी पाटापर्यंत खुपसली.

गनाशला डार्क चॉकलेट ६०० ग्रॅम आणि नारळदूध २०० मिली. पहिल्याच वेळी ते फुटलं, तेल वेगळं आणि खाली दाणेदार चिखल. इतक्या कमी पातळात चॉकलेट जास्त तापलं की हे होतं. आईने घाबरून आणखी चॉकलेट घातलं नाही, कोमट नारळदूध एकेक चमचा घालत मधूनच गोल ढवळत राहिली. तिसऱ्या चमच्याला मिश्रण पुन्हा जुळलं आणि चकाकी आली. गनाश सावरायचं ते असंच. त्यावर गार नारळदूध ओतलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

कोरताना खालचा सात-आठ सेंमी भाग उभा सरळ ठेवला आणि वरचा निमुळता केला. सुरी दातेरी, हात वरून खाली, एका वेळी थोडंच. आठ इंचांचा व्यास सात इंचांवर आला. निघालेले तुकडे आदल्या रात्रीच्या चुऱ्यात गेले. त्या चुऱ्यात गनाश मिसळून मळलं, तीन वाट्या चुऱ्याला एक वाटी, आणि लाडवासारखा घट्ट गोळा करून डोंगराचा माथा हाताने वळला. बिघडलेल्या केकने इथे काम भागवलं, किंबहुना माथा कोरून इतका चांगला झालाच नसता. कोरलेल्या केकला टोक येत नाही, मळलेल्या चुऱ्याला येतं.

अंधारी पूर्ण आरपार काढायचा बेत होता. डोंगराच्या वजनाखाली बोगदा खचेल म्हणून फक्त चार सेंमी रुंद आणि पाच सेंमी खोल तोंड कोरलं आणि आतून गनाश फासलं. आत पाहिलं की काळोखच दिसत होता, मुलीला तेवढं पुरलं.

गनाशचा पहिला पातळ हात चुरा बांधून ठेवायला. अर्धा तास फ्रिज. मग जाड हात, आणि तो घट्ट व्हायच्या आत चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने दाबत कातळाचा खडबडीतपणा. उभ्या कड्यावर फॉइल न लावता चमच्याच्या मागच्या बाजूने उभे ओरखडे काढले, छिन्नीने कातल्यासारखे. या एका फरकाने केक किल्ला वाटायला लागला. वरच्या उतारावर कोरडा कोको भुरभुरला आणि थोडी हिरवी बडीशेप, उन्हाळ्यातल्या खुरट्या झुडपांइतकीच.

तट, मिनार आणि तोफ

तयार फाँडंट (केकवर लावायचं साखरेचं लाटीव पीठ) टाळलं, कारण कूलरच्या दमट हवेत ते चिकट होतं आणि काहींत जिलेटिन असतं. त्याऐवजी काजूकतलीचंच पीठ केलं. काजू २५० ग्रॅम, थांबत थांबत फिरवून पूड केली. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि लगदा होतो. साखर १५० ग्रॅम आणि पाणी ६० मिली, एकतारी पाक, त्यात पूड घालून कडा सुटेपर्यंत ढवळलं आणि तुपाऐवजी चमचाभर खोबरेल लावून मळलं. तटासाठी तीन सेंमी उंचीच्या पट्ट्या कापून वर सुरीने चर्यांचे खाचे पाडले. पट्ट्या, तोफ आणि मिनार बुधवारीच करून पंख्याखाली वाळत टाकले.

मिनार १४ सेंमीचा, बांबूच्या काडीवर एकसंध वळलेला. गुरुवारी दुपारी पाहिलं तर तो काडीवरून खाली घसरून पायाशी जाड झाला होता. खऱ्या चांद मिनाराला चार मजले आहेत आणि मजल्यांमध्ये सज्जे आहेत. त्यावरून उपाय सुचला: चार वेगळे तुकडे करून वाळवायचे आणि मध्ये चपट्या चकत्या घालून काडीवर ओवायचे. प्रत्येक तुकड्याचं वजन त्याच्या खालची चकती पेलते. मेंढा तोफ कोको मिसळलेल्या पिठाची केली आणि तिच्या मागच्या टोकाला वळलेली दोन शिंगं लावली. ती मुलीने स्वतः वळली.

खंदक

खंदकाला अगर-अगर. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होतं म्हणून ते नकोच होतं, आणि असतं तरी या उकाड्यात वितळलं असतं. अगर समुद्री शेवाळाचं. ते एकदा घट्ट झालं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. २५० मिली पाण्यात गोकर्णीची १२ निळी फुलं उकळून गाळली, ४० ग्रॅम साखर, एक सपाट चमचा अगर पावडर, दोन मिनिटं खळखळ उकळी. पाणी गडद निळं झालं. त्यात हळदीची अगदी लहान चिमूट पडली आणि सहलीत पाहिलेला हिरवट रंग आला. लिंबू पिळायचं नाही, आंबटाने गोकर्ण जांभळी होते.

शुक्रवारी रात्री हे कोमट मिश्रण थेट केकभोवती, कडा आणि तट यांच्या मधल्या जागेत ओतलं. हे चुकलं. मिश्रण ४५ अंशांच्या आसपास होतं, गनाशचा पायथा लगेच मऊ झाला आणि पाण्यात तपकिरी रेघा उतरल्या. तासाभरात दुसरी गोष्ट दिसली. अगरला पाणी सुटतं आणि साखर-काजूचा तट ते पाणी शोषतो. एका बाजूची पट्टी खालून विरघळून आडवी झाली.

रात्री अकराला निर्णय घ्यायचा होता, तसंच ठेवायचं की काढायचं. आईने काढलं. जेली सुरीने उचलून फेकली, पायथ्याचं गनाश खरवडून नवं लावलं, तटाची एक पट्टी नव्याने कापली. जेली दुसऱ्यांदा ताटात एक सेंमी जाडीची लावली आणि मधोमध डबा ठेवून बांगडीसारखी गोल होऊ दिली. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिचे कमानदार तुकडे पुसून, खाली बटर पेपरची पट्टी घालून, खंदकात बसवले. जोड दिसू नयेत म्हणून पृष्ठभागावर काट्याने लाटांसारख्या रेघा ओढल्या.

केक कापला तेव्हा

फ्रिजमधून केक ६ वाजून ४० मिनिटांनी बाहेर आला. त्याआधी बैठकीतला कूलर बंद केला. गार केकवर दमट वारा आला की वर दव धरतं, कोको डागाळतो आणि तट चिकट होतो. नुसता पंखा ठेवला. आठ मेणबत्त्या पाटावर तटाबाहेर उभ्या केल्या, माथ्यावर नाही. ठिणग्या उडवणारी मेणबत्ती आणलेली होती, ती लावली नाही.

७ वाजून ५ मिनिटांनी केक कापला. आंब्याचा थर जागेवर होता. १५ मिनिटांनी मिनार किंचित कलला, तोवर तोफ आणि तट मुलांच्या हातात गेलेले होते. मुलीचा तुकडा सगळ्यात आधी, वेगळ्या सुरीने कापून तिला दिला, कारण पाहुण्यांसाठी शेजारच्या टेबलावर मठ्ठा होता आणि हात, चमचे, पेले इकडचे तिकडे होणारच. डॉक्टरांनी दिलेलं औषध हाताशी होतं. ते लागलं नाही. ४५ माणसं खाऊन अर्धा किलोहून थोडा जास्त केक उरला आणि सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये मऊ राहिला. आजीने स्वतःहून दुसरा तुकडा मागितला आणि आत आंबा कोणता घातलाय ते विचारलं.

पुन्हा करायचा झाला तर

सामानाची वाचणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. व्हिपिंग क्रीमचा डबा चार दिवस फ्रीझरमध्ये होता आणि काकूंनी त्यातलं चमचाभर चवीला काढलंही होतं. तो चमचा कुठल्या भांड्यात गेला हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. घरात ॲलर्जीचं मूल असताना न वाचलेलं पाकीट दाराच्या आत घ्यायचंच नाही, असं आता त्या घरात ठरलं आहे.

भाजणीच्या वेळा लाईटवरून ठरवाव्यात. लाईटची खात्री नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये, रबर आणि शिट्टी काढून, तळाला मिठाचा थर घालून मंद गॅसवर हाच केक ४५-५० मिनिटांत होतो. खालून थोडा जास्त भाजतो, पण कोरायच्या केकला ते उलट सोयीचं.

चार घाण्यांऐवजी तीन पुरले असते. माथ्याला लागणारा चुरा कोरण्यातूनच निम्मा निघतो, उरलेला निम्मा पातळ बिस्किटासारखा वेगळा भाजून घेता येतो आणि त्याला फुगण्याची चिंता नसते.

सोड्याचं प्रमाण या केकला थोडं जास्तच होतं. सोयादूध आणि कोको दोन्ही असताना पाऊण चमचा पुरतो. शेवटच्या थराला किंचित साबणासारखी चव होती, ती आंब्याने झाकली गेली.

खंदक उथळ करावा. एक सेंमीऐवजी अर्धा. पाणी कमी सुटतं, तुकडे उचलताना मोडत नाहीत आणि खाली पाटावर निळसर कागद लावला तर खोली तशीच वाटते. मुलीने मात्र पुढच्या वर्षी खंदकात उतरता येईल असा पूल मागितला आहे, आणि तो काजूचा चालणार नाही, दुमडता आला पाहिजे असं सांगितलं आहे.